आज्ञेकडून खुणेकडे

संगणकाच्या पडद्यावर कागदाचे लहानसे चित्र असते. त्यावर खूण केली की पत्र उघडते. तेच चित्र टोपलीच्या चित्रावर नेऊन सोडले की पत्र टाकाऊत जमा होते. अक्षरओळख नुकतीच झालेले मूलही आज हे सहज करते. ही सुलभता मात्र सहज आलेली नाही. तिच्यामागे सुमारे वीस वर्षांचे परिश्रम आहेत.

पूर्वी संगणकाशी बोलावयाचे तर त्याच्या आज्ञा पाठ असाव्या लागत. काळ्या पडद्यावर ठराविक शब्द ठराविक क्रमाने टंकावा, आणि एक अक्षर चुकले की यंत्राने आज्ञा नाकारावी, असा तो व्यवहार होता. यंत्र माणसाची भाषा शिकत नसे. माणसानेच यंत्राची शिकावी लागे.

या स्थितीला पहिला छेद अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत गेला. १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी आपल्या प्रबंधासाठी अशी योजना सिद्ध केली की, प्रकाशलेखणी पडद्यावर टेकवून थेट आकृती काढता यावी. पुढे डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून एक लाकडी ठोकळा तयार झाला. त्याच्या खाली दोन चाके होती आणि वर एक बटण. शेपटीसारख्या तारेमुळे त्याला ‘माऊस’ हे नाव पडले. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी नव्वद मिनिटांच्या प्रात्यक्षिकात तो वापरून दाखविला.

तथापि एंगलबार्ट यांचा हेतू केवळ सुलभतेचा नव्हता. माणसाची बुद्धिशक्ती वाढावी, आणि त्यासाठी त्याने थोडे कष्ट घेऊन शिकावे, असे त्यांचे मत होते. सुलभतेचा ध्यास घेतला तो झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्राने. तेथे १९७३ साली ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. टेबलावरील कागदांप्रमाणे एकमेकींवर येणाऱ्या खिडक्या अ‍ॅलन के व त्यांचे सहकारी यांनी त्याच्या पडद्यावर आणल्या. त्यातूनच १९८१ साली ‘स्टार’ बाजारात आला. परंतु त्याची किंमत सोळा हजार डॉलरांहून अधिक असल्याने तो फारसा खपला नाही. ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्झ यांनी १९७९ सालीच त्या केंद्राला भेट दिली होती. १९८४ च्या जानेवारीत त्यांच्या कंपनीचा ‘मॅकिन्टॉश’ २,४९५ डॉलरांना विक्रीस आला, आणि प्रयोगशाळेतील विद्या घराच्या उंबरठ्यापाशी पोहोचली.

या पद्धतीचे मर्म काय? वर्गात एखाद्या नदीचे नाव विचारले तर पुष्कळ मुले गप्प राहतात. तेच नाव इतर चार नावांबरोबर फळ्यावर लिहिले की अनेक हात वर होतात. आठवणे कठीण, ओळखणे सोपे. चित्रमय पडदा आपल्यावरील आठवणीचे ओझे हलके करतो. शक्य असलेली कामे तो समोर मांडतो, केलेल्याचे फळ तत्काळ दाखवितो, आणि पुष्कळ चुका मागे घेऊ देतो. भीती गेली की शिकणे सुरू होते, हा अनुभव शिक्षकाला नवा नाही.

परंतु या कथेला दुसरी बाजूही आहे. जुन्या पडद्यावर केवळ शब्द असत, आणि ते शब्द वाचून दाखविणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने अंध माणूस काम करू शके. चित्रे आली आणि ज्या दाराने इतर सर्व आत शिरले, तेच त्याच्यापुढे बंद होऊ लागले. १९८९ साली मॅकिन्टॉशसाठी ‘आउटस्पोकन’ ही पडदा वाचणारी योजना निघाली, तेव्हा ते दार किलकिले झाले. मॅकिन्टॉशच्या आगमनानंतर पाच वर्षे लोटली होती.

तेव्हा श्रोतेहो, कोणतीही नवी सोय पुढे आली की एक प्रश्न अवश्य विचारावा: ही सोय कोणाची? डोळसाला जे सोपे झाले, ते अंधालाही सोपे झाले का? हे पाहिल्यावाचून सुलभतेचा इतिहास पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.