रंगवलेलं सक्युलंट घेताय? आधी मधली पानं बघा

नर्सरीत मिळणाऱ्या गडद निळ्या, सोनेरी किंवा चमकी लावलेल्या सक्युलंटवर बहुतेक वेळा रंगाचा फवारा मारलेला असतो. मधली नवी पानं हिरवी दिसली, तर रंग वरचाच समजावा. रंगाच्या थरामुळे पानांना पुरेसा उजेड मिळत नाही, हवेची छिद्रं बुजतात. जाड पानांत पाणी साठलेलं असल्याने झाड काही दिवस ठीक दिसतं, मग खंगत जातं.

असं झाड घरी असेल तर भरपूर उजेडात ठेवा, पण दुपारचं कडक ऊन टाळा. कुंडीला खाली भोक हवं, मातीत वाळू मिसळा. माती पूर्ण सुकल्यावरच पाणी घाला. रंग खरवडू नका, पानाला इजा होते. नवी पानं वाढली की जुनी रंगीत पानं हळूहळू सुकून गळतात.