मोटारचोरी आणि काचफोड : खबरदारी दोन प्रकारची

नाशिक : रामकुंडावर स्नानासाठी उतरताना पाकीट, मोबाईल मोटारीतच ठेवण्याकडे अनेकांचा कल असतो. चोरट्यांना हीच संधी मिळते. मोटार पळवणे आणि तिच्यातील ऐवज लांबवणे हे वेगळे प्रकार असून त्यांवरील उपायही वेगळे आहेत.

मोटार पळवण्यासाठी इंजिन सुरू करावे लागते. किल्लीतील चिपची ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा 'इमोबिलायझर' येथे कामी येतो. बटणावर सुरू होणाऱ्या मोटारींत मात्र किल्लीचा संदेश उपकरणाने दूरवर पोहोचवून त्याला चकवता येते. अशा मोटारींना स्टिअरिंगचे लोखंडी कुलूप अवश्य लावावे.

काचफोडीत यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही. समोरच्या काचेच्या दोन थरांमध्ये पातळ पापुद्रा असल्याने ती तडकली तरी सहसा विखुरत नाही. दाराच्या काचेचा मात्र टोकदार आघाताने क्षणात चुरा होतो. त्यामुळे आत काहीही दिसू न देणे हाच उपाय. डिकीत सामान ठेवायचे असल्यास वाहनतळावर पोहोचण्यापूर्वीच ठेवावे.

सर्वंकष विम्यात मोटारीच्या चोरीची भरपाई मिळते, केवळ 'थर्ड पार्टी' विम्यात नाही. मोटारीतील लॅपटॉप, दागिने वा रोकड यांना सर्वसाधारण वाहनविम्याचे संरक्षण नसते. चोरी लक्षात येताच 112 क्रमांकावर कळवून गुन्हा नोंदवावा आणि विमा कंपनीसही तत्काळ कळवावे. भरपाईसाठी कंपन्या दोन्ही किल्ल्या मागतात. पोलिसांकडे वेळेत तक्रार दिली असल्यास केवळ कंपनीला उशिरा कळवल्याच्या कारणावरून दावा फेटाळता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिला आहे.