गावाकडे न्यायचा संच : गाणी, आकाशवाणी की पुस्तक?

दिवाळीला गावी जाताना आई-वडिलांसाठी गाण्यांचा छोटा संच घेऊन जाणारे शहरात पुष्कळ आहेत. दुकानात तो उत्तम वाजतो. गावी पोहोचल्यावर मात्र चार दिवसांत कपाटात जातो. दोष बहुधा संचाचा नसतो. तो कुठे आणि काय ऐकण्यासाठी वापरला जाणार, हे खरेदीच्या वेळी कोणी विचारलेलेच नसते.

वणी तालुक्यातील राजूरचे उदाहरण घ्यावे. कोळसा खाणीमुळे ‘राजूर कॉलरी’ म्हणून ओळखले जाणारे हे गाव यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडील टोकाला आहे. जिल्हा यवतमाळ असला, तरी अंतराने चंद्रपूर जवळचे. आकाशवाणीची एफएम केंद्रे दोन्ही शहरांत आहेत. पण एफएमच्या लहरी साधारणतः दृष्टीच्या रेषेतच प्रवास करतात. मनोरा दूर गेला किंवा मध्ये उंचवटा आला, की आवाजात खरखर सुरू होते. म्हणूनच ‘आमचे केंद्र यवतमाळ’ असे जिल्ह्यावरून ठरवण्यात अर्थ नाही. घराच्या ओसरीवर कोणते केंद्र स्वच्छ लागते, हे शेजारच्या घरातील संचावर आधी ऐकून घेणे उत्तम.

मध्यमलहरींचे गणित वेगळे आहे. या लहरी जमिनीलगत दूरवर पोहोचतात आणि रात्री त्यांचा पल्ला आणखी वाढतो. नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. त्याची ५८५ किलोहर्ट्झ ही कंप्रता विदर्भातील जुन्या श्रोत्यांच्या ओळखीची आहे. नागपूरजवळच्याच एक हजार किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९८८ पासून रात्री देशभर ऐकू येत असे. ती २०१९ मध्ये बंद झाली. आज बाजारात मिळणाऱ्या बहुसंख्य ब्लूटूथ स्पीकरवर ‘रेडिओ’ असे ठळक छापलेले असते, पण आत फक्त एफएम असते. ज्यांना मध्यमलहरी हव्यात, त्यांनी खोक्यावर ‘एएम’ किंवा ‘एमडब्ल्यू’ ही अक्षरे शोधावीत. अशा संचाचा अँटेना आतल्या फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेला असतो. त्यामुळे वरची दांडी ताणून उपयोग होत नाही. संचच थोडा फिरवून पाहावा लागतो. जवळ एलईडी दिवा किंवा मोबाइलचा चार्जर चालू असेल, तरी गुणगुण ऐकू येते. हा संचातील बिघड समजून तो दुरुस्तीला नेणारे कमी नाहीत.

मग मोबाइल पुरेसा नाही का? अनेकांना पुरतोही. मात्र मोबाइलमधील एफएम रेडिओला इअरफोनची तारच अँटेना म्हणून लागते. बिनतारी इअरफोनने ते काम होत नाही आणि नव्या फोनांतून तारेची खोबणच नाहीशी होत चालली आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फोनमधील एफएमची सोय बंद ठेवू नये, अशी सूचना उत्पादकांना केली होती. अॅपवर आकाशवाणी ऐकता येते, तेव्हा अंतराचा प्रश्न उरत नाही; इंटरनेटचा उरतो. शिवाय प्रसारण काही सेकंद मागे असते, तेव्हा त्यावर घड्याळ लावू नये!

गाण्यांची निवड त्यामानाने सोपी. २००१ मध्ये आलेल्या पहिल्या आयपॉडची जाहिरात ‘खिशात हजार गाणी’ अशी होती. ते यंत्र २०२२ मध्ये बाजारातून गेले, पण खोक्यावरील गाण्यांच्या आकड्याला भुलण्याची सवय राहिली. १२८ केबीपीएस दर्जाच्या एमपी३ फायलींत एक जीबीमध्ये सुमारे सतरा तासांचे संगीत मावते. म्हणजे १६ जीबीचे कार्डही ऐकून संपवायला कित्येक महिने लागतील. अॅपवर महिन्याचे पैसे भरून साठवलेली गाणी वर्गणी थांबली की वाजत नाहीत, हे मात्र घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. बटणांची सवय असलेल्या ज्येष्ठांसाठी सारेगामाने २०१७ मध्ये आणलेल्या ‘कारवाँ’सारखे, आतच गाणी भरलेले संच सोयीचे ठरतात.

खरी पंचाईत पुस्तकांची. गाणे मध्येच तुटले तरी बिघडत नाही. दहा तासांची कादंबरी रोज पहिल्या पानापासून ऐकणे कोणाला जमेल? संच बंद करून पुन्हा लावल्यावर तो जिथे थांबला तिथूनच सुरू होतो का, ही चाचणी दुकानातच करावी. स्वस्त संचांत बहुधा गाण्याचा क्रमांक तेवढा लक्षात राहतो, मिनिट नाही. त्यावर उपाय म्हणजे पुस्तक दहा-दहा मिनिटांच्या फायलींत तोडून घेणे. नावे ००१, ००२ अशी द्यावीत, कारण देवनागरी नावांच्या जागी अशा संचांच्या पडद्यावर अनेकदा नुसते चौकोन दिसतात. निवेदनासाठी ६४ केबीपीएसचा दर्जाही चालतो आणि तेवढ्याच जागेत दुप्पट तास मावतात. स्पीकर घेताना गडगडणाऱ्या खर्जापेक्षा निवेदकाचे शब्द स्पष्ट येतात का, हे ऐकावे.

दृष्टिहीनांसाठी ‘डेझी’ या पद्धतीची पुस्तके असतात. त्यांत प्रकरणावरून प्रकरणावर थेट उडी घेता येते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात अशी पुस्तके नोंदणी केलेल्या वाचकांना मिळतात. घरात कोणाची दृष्टी अधू असेल, तर डेझी वाजवणारा संच महाग असला तरी आधी त्याची चौकशी करावी.

इअरफोन वापरणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. आवाज वाढवला, की हे तास झपाट्याने घटतात. बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व नोंदणी क्रमांक पाहावा, आणि विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात संच खिडकीत किंवा बंद गाडीत ठेवू नये. खाणपट्ट्यातील धूळ स्पीकरच्या जाळीत साचते. त्यावर कोरडा ब्रश फिरवावा, ओले फडके नको. आणि घरातील कोणी भूमिगत कोळसा खाणीत कामाला असेल, तर त्याने हा संच घरीच ठेवून जावे. खाणीतील ज्वालाग्राही वायूमुळे ठिणगी पाडू शकणारी साधी विद्युत उपकरणे आत नेण्यास मनाई असते.