जाड तळाच्या वहाणा

धाराशिव जिल्ह्यातल्या काळ्या रानातून उन्हाळ्यात कधी अनवाणी चाललेल्या माणसाला विनयपिटकातली, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमग्रंथातली, एक तक्रार समजावून सांगावी लागणार नाही. पावसात गुरांचे खूर चिखलात रुततात. ऊन पडलं की ठसा न् ठसा फुटक्या खापरासारखा टणक होतो, कडांना धार येते. पाली ग्रंथात अशा जमिनीच्या वर्णनात ‘गोकंटक’ हा शब्द येतो. जुने टीकाकार त्याचा अर्थ वाळलेले खुरांचे ठसे असा घेतात. संस्कृतात मात्र गोकंटक म्हणजे गोखरू, आपला सराटा. कुठलाही अर्थ घ्या, तळपायाची सुटका नाही.

ही तक्रार बुद्धांपर्यंत नेली सोण कुटिकण्ण या नव्या भिक्खूने. तो अवंतीचा, म्हणजे माळव्याकडचा, गुरू महाकात्यायन. गंगेकाठच्या मध्यदेशात भिक्खूंची वाण नव्हती. इकडे ‘अवंती-दक्षिणापथा’त दीक्षेला लागणारे दहा भिक्खू जमवता जमवता सोणची तीन वर्षं गेली. अखेर तो श्रावस्तीला निघाला, तेव्हा गुरूने त्याच्याबरोबर पाच मागण्या धाडल्या. दहांऐवजी पाच जणांत दीक्षा व्हावी. जमीन काळी आणि खडबडीत, तेव्हा अनेक पदरी तळाच्या वहाणा चालाव्यात. लोक आंघोळीला फार मानतात, तर वरचेवर आंघोळीची मुभा असावी. एरवी काही सवलती सोडल्या, तर पंधरवड्यातून एकच. अंथरायला गवती चटयांऐवजी मेंढी, बकरी, हरणाचं कातडं चालावं. पाचवी मागणी लांबच्या गावी राहणाऱ्याला पटकन कळेल: कुणी चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, पाठवलं, तर ते जवळ ठेवायची मुदत हातात पडल्यापासून मोजावी.

पाचही मान्य झाल्या. परमुलखात धर्म न्यायचा म्हटल्यावर आधी पायताण, पाणी आणि अंथरूण यांचा बंदोबस्त झाला, यात मोठा शहाणपणा आहे. मुलखाने धर्म स्वीकारण्याआधी धर्माने मुलूख स्वीकारला.

पुढे अशोकाच्या काळात, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, पाटलीपुत्राच्या धर्मसंगीतीनंतर ठिकठिकाणी थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, पाठवल्याचं श्रीलंकेतला ‘महावंस’ सांगतो. महारट्ठात महाधम्मरक्खित आले, अपरांतात म्हणजे कोकणपट्टीत योनक धम्मरक्खित. योनक म्हणजे यवन, ग्रीक मुलखाकडचा. मोहिमेवर जाणारा प्रत्येक थेर चार सोबती घेऊन, स्वतः पाचवा म्हणून निघाला, असं विनयपिटकावरच्या टीकेत म्हटलं आहे. कारण तेच, सीमेवरच्या मुलखात पाच जणांत दीक्षा देता येते. सोणच्या तीन वर्षांच्या खोळंब्याचा हा हिशोब. महारट्ठात चौऱ्याऐंशी हजारांना धर्म पटला आणि तेरा हजारांनी दीक्षा घेतली, हे ‘महावंसा’चे आकडे मात्र पुराणातल्यासारखे गोल आहेत. हिमालयाकडे गेलेल्या थेरांची नावं सांचीच्या परिसरातल्या अस्थिकरंडकांवर कोरलेली सापडली, म्हणून ही सगळी यादी निव्वळ दंतकथा ठरवता येत नाही.

ही माणसं वयाने फार मोठीच असत असं नाही. लंकेला गेलेले महिंद तिथे उतरले तेव्हा अवघे बत्तीस वर्षांचे होते. विसाव्या वर्षी पूर्ण दीक्षा, त्यानंतर निदान पाच वर्षं आचार्याच्या नजरेखाली. जवळ तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा आणि पाणी गाळायचं फडकं. सकाळी अनोळखी गावात दारोदार उभं राहायचं, मिळेल ते दुपारच्या आत खायचं. मग दुसऱ्या दिवशीपर्यंत पोटात अन्न नाही. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचं. हिरवे कोंब तुडवत फिरता म्हणून लोक बोल लावू लागले, तेव्हा हा नियम झाला. पण चालत्या तांड्यात किंवा गुरांच्या वाड्यावरही वर्षावास करता येई, आणि तांडा हलला तर त्याच्याबरोबर हलायचीही मोकळीक होती.

तांडे जिथून निघत त्यातलं एक गाव याच जिल्ह्यात आहे. तेरणेकाठचं तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये दाखवून दिलं. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे, तिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल आडरानातून गाड्यांवर भडोचला येते, असं पहिल्या शतकातला एक ग्रीक व्यापारवृत्तांत नोंदवतो. तेरच्या लामतुरे संग्रहालयातल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची नातलग शोभेल अशी मूर्ती थेट इटलीतल्या पॉम्पेईत सापडली. जिथे व्यापारी तिथे भिक्षा, आणि भिक्षा तिथे विहार. तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष निघाले ते काही योगायोगाने नव्हे. संत गोरा कुंभार म्हणजे गोरोबाकाकांच्या या गावात मातीला भाजून घडवण्याची परंपरा त्यांच्याहून हजारभर वर्षं जुनी आहे.

गावातलं त्रिविक्रमाचं देऊळ मागच्या बाजूने पाहावं. विटांची भिंत कोपरा न करता अर्धगोल वळते, छप्पर गजपृष्ठाकार आहे. हेन्री कझिन्स यांनी ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावं असं म्हटलं आणि अनेक अभ्यासकांना ते पटलं. पुढचा मंडप नंतरचा. आत त्रिविक्रम उभा आहे, एक पाय वर उचललेला. दर्शनाला येणारे वहाणा बाहेर काढून ठेवतात.