झाडाखालचा कथेकरी

कवितेवरून मूकपट काढण्याची वाट जुनीच. ग्रिफिथने १९०९ मध्ये ब्राउनिंगच्या ‘पिप्पा पासेस’वर एका रिळाचा चित्रपट केला होता. आपल्याकडे फ्रान्झ ऑस्टेन आणि हिमांशू राय यांनी १९२५ मध्ये एडविन अर्नोल्डच्या ‘द लाइट ऑफ एशिया’ (१८७९) या बुद्धचरित्रावर ‘प्रेम संन्यास’ हा पूर्ण लांबीचा मूकपट काढला. पटकथा निरंजन पालांची, तंत्रज्ञ म्युनिकच्या एमेल्का कंपनीचे. हे सर्वज्ञात आहे. मला महत्त्वाची वाटते ती त्याची सुरुवात. सिद्धार्थाच्या आधी पडद्यावर येतात गोरे प्रवासी, आणि बोधिवृक्षाखाली बसलेला एक म्हातारा त्यांना बुद्धाची गोष्ट सांगू लागतो. अर्नोल्डनेही आपले काव्य स्वतःच्या तोंडी न ठेवता एका भारतीय बौद्धाच्या तोंडी घातले आहे. हा कथेकरी अर्नोल्डला कुठे भेटला?

माझे उत्तर आहे, पुण्यात. १८५७च्या धामधुमीत अर्नोल्ड तिथल्या सरकारी संस्कृत महाविद्यालयाचा, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजचा, प्राचार्य होता आणि १८६१ मध्ये त्याने ‘हितोपदेशा’चा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. ‘हितोपदेशा’चा सांगाडाच असा, की विष्णुशर्मा सांगतो, राजपुत्र ऐकतात आणि गोष्टीच्या पोटातून गोष्ट निघते. ज्याने हा ग्रंथ ओळीओळीने इंग्रजीत उतरवला, त्याच्या हातात ही मोड बसणारच. कोणी म्हणेल, दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याची रीत ब्राउनिंग-टेनिसनमुळे इंग्रजी कवितेत रुळलेलीच होती. खरे आहे; पण त्यांचे बोलणारे पात्र बहुधा स्वतःचीच कहाणी सांगते. अर्नोल्डचा निवेदक स्वतः बाजूला राहून दुसऱ्याचे चरित्र सांगतो, आणि ही धाटणी विष्णुशर्म्याच्या जवळची आहे. दुवा अनुमानाचा असला तरी मला तो पक्का वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चित्रपट युरोपात खपवायचा होता, म्हणून तिथल्या प्रेक्षकाच्या सोयीसाठी प्रवासी आणि म्हातारा आणले. त्यात कवितेचा काय संबंध? याची कसोटी त्याच मंडळींच्या ‘शिराज’ने (१९२८) लागते. विषय ताजमहाल, प्रेक्षक तेच परदेशी, पटकथेमागे पालांचेच नाटक. कविता मात्र नाही. आणि हा चित्रपट काफिल्यावरच्या हल्ल्यात वाचलेल्या मुलीपासून थेट सुरू होतो, कथेकरी नाहीच. केवळ बाजारासाठी तो लागत असता तर इथेही दिसला असता. खरे तर इथे त्याची गरज जास्त होती. मुमताज १६३१ मध्ये आग्र्याला नव्हे, बुऱ्हाणपुरात वारली. तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत, तिला आधी पुरले आणि काही महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेला. हे सगळे एका दमात सांगून मोकळा होईल असा कोणी म्हातारा आहुखान्यात बसवला असता, तर जगभर गेलेल्या त्या चित्रपटाबरोबर बुऱ्हाणपूरही गेले असते.