मोईन-मोईन आणि झोबो

मोईन-मोईन हा नैर्ऋत्य नायजेरियातील योरुबा लोकांचा चवळीचा उकडलेला पदार्थ. चवळी भिजवून, चोळून साले काढतात. मग लाल मिरची व कांद्यासह वाटून, तेल घालून फेटतात आणि पानाच्या द्रोणात भरून वाफवतात. साले काढणे हे सर्वांत चिकाटीचे काम. हल्ली डबे, प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. पण पानाचा सुगंध त्यांत उतरत नाही. या पानांच्या वनस्पतीच्या फळातूनच थॉमॅटिन हे अतिगोड प्रथिन मिळते. अंडे, मासे अशा जिनसांनी भरलेला प्रकार ‘7 जिवांचा’ म्हणून मिरवतो.

झोबो हे उत्तरेकडील हौसा मुलखातले पेय. लाल अंबाडीच्या फळाभोवतीची आंबट, मांसल निदले सुकवून आले-लवंगेसह उकळतात, गाळून गार करतात. सेनेगलमध्ये याच निदलांचे पेय बिस्साप.