फांदी त्यांची, शेड आमची, मग बिल कुणाचं?

परवाच्या वाऱ्यात शेजारच्या सोसायटीतल्या गुलमोहराची फांदी आमच्या पार्किंगच्या शेडवर पडली. पत्रे वाकले, दोन गाड्यांचे आरसे फुटले. दहा मिनिटं आधी आमच्या वॉचमनची मुलगी तिथंच वही घेऊन बसली होती. म्हणून ही पोस्ट.

ती फांदी धोक्याची आहे हे दोन वर्षं दोन्हीकडच्या लोकांना माहीत होतं. छाटणारा साडेचार हजार मागत होता, फांद्या न्यायला ट्रॉलीचे वेगळे. आम्ही म्हणायचो, झाड तुमचं, पैसे तुम्ही द्या. ते म्हणायचे, सावली तुम्हाला, त्रास तुम्हाला, मग तुम्हीच द्या. सगळं तोंडी, गेटवर उभ्या उभ्या. शेवटी कुणीच दिले नाहीत.

हा वाद किती जुना आहे बघायला बसलो, तर थेट रोमला पोचलो. इसवी सनापूर्वी ४५० च्या सुमारास रोमन लोकांनी आपले कायदे बारा फलकांवर लिहून चौकात लावले. त्यात शेजाऱ्याच्या शेतावर आलेल्या फांद्यांचाही नियम होता: जमिनीपासून पंधरा फुटांपर्यंत छाटा. पुढे तिथल्या न्यायाधिकाऱ्यांनी त्याला जोड दिली. मालक छाटत नसेल तर शेजाऱ्याने छाटावं आणि लाकूड स्वतः ठेवावं. म्हणजे मजुरीच्या बदल्यात सरपण. हिशोब मिटला! आज ते सरपण फुकट न्यायलाही कुणी येत नाही, उलट ट्रॉलीचं भाडं आपल्यालाच पडतं.

आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आहे, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. आरमाराला लाकूड लागायचं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावायचा नाही, असं त्यात बजावलं आहे. एखादं झाड जीर्ण झालं असेल आणि हवंच असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मगच तोडायचं. सत्ता असूनही आधी विचारायचं. आपण तर शेजारी!

इंग्लंडमध्ये १८९० च्या दशकात लेमन विरुद्ध वेब हा खटला वरिष्ठ सभागृहापर्यंत गेला. निकाल असा लागला की शेजाऱ्याच्या जमिनीत पाय न टाकता, आपल्या हद्दीत आलेली फांदी न विचारताही कापता येते. पण कापायची तर स्वतःच्या हाताने, म्हणजे बहुतेक वेळा स्वतःच्या खर्चाने.

शंभर वर्षांनी लंडनमधल्या फ्लॅटवाल्यांनी पुढचा प्रश्न विचारला. फुटपाथवरच्या झाडाच्या मुळांनी त्यांच्या इमारतीला तडे गेले होते. झाड वेस्टमिन्स्टरच्या नगर परिषदेचं. झाड काढा म्हणून त्यांना कळवलं, त्यांनी काढलं नाही. मग पाया मजबूत करायला सुमारे ५ लाख ७० हजार पौंड लागले. २००१ साली वरिष्ठ सभागृहाने तो खर्च नगर परिषदेवर टाकला. कारण साधं होतं. त्यांना कळवलं होतं, वेळ दिला होता, तरी त्यांनी काही केलं नाही.

आता आपलं. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्यात ‘झाड तोडणं’ म्हणजे नुसतं बुंध्यातून पाडणं नाही. जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं त्यात येतं. म्हणून फांदी आपल्या गच्चीवर आली तरी कोयता उचलायच्या आधी नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. पण परवानगी मिळाली म्हणजे बिल कुणाचं हे ठरलं असं नाही. शेजाऱ्याची फांदी नुकसान करत असेल तर दिवाणी कोर्ट मालकाला ती काढायला लावू शकतं. मात्र साडेचार हजारांसाठी कोर्टात कोण जाणार?

सोसायटीच्या आवारातल्या झाडाचं सोपं आहे. आदर्श उपविधींप्रमाणे माळ्याचा पगार सेवाशुल्कात येतो आणि सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं. छाटणीलाही तोच न्याय लावा. ‘माझ्या खिडकीकडे फांदी नाही’ म्हणून कुणी अंग काढून घेऊ नये.

दोन सोसायट्यांमधल्या फांदीसाठी मला एवढंच कळलं: आधी कळवायचं, तेही लेखी. सेक्रेटरीला पत्र द्या, फांदीचा फोटो जोडा, पोच घ्या. पत्र मिळूनही झाडाचा मालक गप्प बसला, तर नुकसानीचा खर्च त्यानेच द्यावा हे म्हणायला जागा राहते. आम्ही दोन वर्षांत एक कागद दिला नव्हता. त्यामुळे आज ते म्हणतात, ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही,’ आणि आमच्याकडे उत्तर नाही.

रविवारी दोन्ही कमिट्या बसल्या. उरलेल्या फांद्यांचा खर्च निम्मा-निम्मा ठरला, अर्ज त्यांनी करायचा. शेडचं बिल अजून लोंबकळतंय.

तुमच्याकडे अशी एखादी फांदी असेल तर आजच पत्र लिहा. पावसाळा तोंडावर आहे.